‘पोटाचं ऑपरेशन झालंय’, एवढंच

आमच्या लहानपणी बायकांच्या बहुतेक शस्त्रक्रियांना एकच नाव होतं : पोटाचं ऑपरेशन. पिशवी काढलेली असो, गाठ काढलेली असो, पोटात मूल राहून गेलेलं असो, बाहेर सांगायचं ते एवढंच. ऐकणारीने ‘हो का, जप हं’ म्हणायचं आणि पुढे विचारायचं नाही. करार न बोलता ठरलेला होता. सगळ्याच जणी तो पाळत नसत.

मी पाचवीत असताना आईचं असं ऑपरेशन झालं. आजीने मला बजावलं होतं, ‘कुणी विचारलं तर पोटाचं ऑपरेशन म्हणून सांग.’ तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना शेजारच्या एका काकूंनी मला जिन्यात थांबवलं, हातावर रव्याचा लाडू ठेवला आणि विचारलं, ‘पोटाचं म्हणजे कशाचं गं?’ घरात कानावर पडलेलं सगळं मी सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत ते वाडाभर झालं. आई घरी आली तेव्हा भेटायला आलेल्या बायका तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, पोटाकडे बघत होत्या. आई मला एका शब्दाने बोलली नाही. पण पुढे कितीतरी दिवस जिन्यात पावलं वाजली की ती आतल्या खोलीत जायची आणि दार उघडायला मला पाठवायची.

१७ जानेवारी २०२४ ला लंडनच्या केन्सिंग्टन पॅलेसने जे निवेदन काढलं, ते वाचताना मला तो जिना आठवला. प्रिन्सेस ऑफ वेल्स केट हिच्या पोटावर आधीच ठरलेली शस्त्रक्रिया लंडन क्लिनिकमध्ये झाली आहे, ती व्यवस्थित पार पडली आहे, दहा ते चौदा दिवस ती तिथे राहील, आणि ईस्टरनंतरच सार्वजनिक कामांना येऊ शकेल. आजाराचा तपशील खासगी राहावा अशी तिची इच्छा आहे आणि मुलांचं रोजचं आयुष्य शक्य तितकं सुरळीत चालावं असं तिला वाटतं, हेही त्यात होतं. थोडक्यात, पोटाचं ऑपरेशन झालंय. पुढे विचारू नका.

पुढचे नऊ आठवडे जगाने जे केलं त्याला विचारपूस म्हणता येणार नाही. मराठीत आपण विचारपूस आणि चौकशी हे शब्द वेगळे ठेवले आहेत. विचारपूस माणसाची असते, चौकशी प्रकरणाची. केट माणूस होती, तिचं प्रकरण झालं.

आधी तारखा नीट समोर ठेवते, कारण या सगळ्या गदारोळात कुणी कॅलेंडर पाहिलं असं दिसत नाही. २०२३ च्या नाताळच्या दिवशी ती सँडरिंगहॅमच्या चर्चला जाताना लोकांना दिसली होती. २९ जानेवारीला ती रुग्णालयातून विंडसरच्या घरी आली. २७ फेब्रुवारीला तिचा नवरा, युवराज विल्यम याने आपल्या धर्मपित्याच्या, म्हणजे ग्रीसचे माजी राजे कॉन्स्टंटाइन यांच्या स्मरणसभेला ऐनवेळी जाणं टाळलं आणि कारण ‘वैयक्तिक’ एवढंच दिलं. तिथून वावटळ उठली. केट कोमात आहे, घर सोडून गेली आहे, घटस्फोट होतो आहे, तिच्या जागी दुसरीच कुणी उभी केली जाते आहे. जे कुणाच्या मनात येईल ते. १० मार्चला, इंग्लंडच्या मातृदिनी, मुलांसोबतचा फोटो आला, त्यात फेरफार दिसले आणि आगीत तेल पडलं. १६ मार्चला विंडसरजवळच्या एका शेतमालाच्या दुकानातून पिशवी हातात घेऊन चालताना कुणीतरी तिचं चित्रीकरण केलं. दोन दिवसांनी ते जगभर गेलं, तर लोक म्हणाले, ही ती नव्हेच. आणि २२ मार्चला बागेतल्या बाकावर एकटी बसून तिने सांगितलं की शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्यांत कॅन्सर आढळला आणि प्रतिबंधक केमोथेरपी सुरू झाली आहे.

२०२४ चा ईस्टर कधी होता? ३१ मार्चला. म्हणजे ‘केट कुठे आहे?’ असं जग ओरडत होतं, तेव्हा तिने दिलेली मुदत संपलेलीच नव्हती. ईस्टरनंतर येईन असं सांगून ती ईस्टरपर्यंत दिसली नाही, यात लपवाछपवी कुठे आहे? वायदा मोडलाच नव्हता. आपल्या ऑफिसातली एखादी बाई तीन महिन्यांच्या वैद्यकीय रजेवर गेली आणि दीड महिन्याने सहकारी तिच्या खिडकीखाली जमून ‘जिवंत आहेस का दाखव’ म्हणू लागले, तर आपण त्यांना काय म्हणू? इथे मात्र बरेच सुशिक्षित, एरवी संवेदनशील लोक त्या खिडकीखाली उभे होते. अमेरिकेतल्या रात्रीच्या कार्यक्रमांत त्यावर विनोद झाले. आपल्याकडच्या मराठी गटांतही तो फोटो लाल वर्तुळं काढून फिरत होता.

‘पण तिचा संसार लोकांच्या पैशावर चालतो, मग लोक विचारणारच’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. तो मी उडवून लावत नाही. ब्रिटिश सरकार राजाच्या अधिकृत कामासाठी वर्षाला अनुदान देतं, २०२३-२४ साली ते ८ कोटी ६३ लाख पौंड होतं. विल्यम आणि केटच्या कारभाराचा मोठा खर्च डची ऑफ कॉर्नवॉल या परंपरागत जमीनजुमल्याच्या उत्पन्नातून चालतो, आणि तीही शेवटी प्रजेकडूनच आलेली मिळकत आहे असं म्हणणारे लोक इंग्लंडात आहेत. मला त्यांचं म्हणणं पटतं. राजेशाही असावी का, तिच्यावर किती खर्च व्हावा, हिशेब उघड असावा का, हे सगळे रास्त प्रश्न आहेत. पण लोकांच्या पैशातून तिचं काम विकत घेतलं जातं, तिचं शरीर नव्हे. कामाबद्दलचा प्रश्न एवढाच : ती कामावर कधी येणार? त्याचं उत्तर पहिल्याच दिवशी दिलेलं होतं.

सत्ता हातात असते तिथे गोष्ट थोडी बदलते. ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांचं एक फुप्फुस सप्टेंबर १९५१ मध्ये काढलं गेलं, तेव्हा फुप्फुसात ‘रचनात्मक बदल’ झाल्याचं लोकांना सांगण्यात आलं. कॅन्सर हा शब्द खुद्द राजालाही सांगितला नव्हता. पाच महिन्यांत, ६ फेब्रुवारी १९५२ ला ते गेले आणि पंचवीस वर्षांची मुलगी गादीवर आली. त्याआधी १९३६ मध्ये पाचवे जॉर्ज मरणपंथाला लागले असताना त्यांच्या डॉक्टरने मॉर्फिन आणि कोकेनची इंजेक्शनं देऊन शेवट जवळ आणला, आणि मृत्यूची बातमी संध्याकाळच्या हलक्या पत्रांऐवजी सकाळच्या ‘टाइम्स’मध्ये आधी यावी हाही एक विचार त्यामागे होता. हे त्या डॉक्टरच्याच टिपणांतून पन्नास वर्षांनी बाहेर आलं. राष्ट्रप्रमुखाच्या बाबतीत अशी अपारदर्शकता मला मान्य नाही. सही करणारा हात शुद्धीत आहे का, हे विचारायचा लोकांना अधिकार आहे.

आपल्या गोव्यात हा प्रश्न किती अवघड होऊन बसला होता, ते अनेकांना आठवत असेल. मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये आजारी पडले, उपचारांसाठी मुंबई, अमेरिका, दिल्ली अशा फेऱ्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे हे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीरपणे मान्य केलं ते ऑक्टोबरमध्ये. १७ मार्च २०१९ ला जाईपर्यंत ते मुख्यमंत्रिपदावर होते. नाकात नळी घालून त्यांनी अर्थसंकल्प मांडला, तेव्हा कुणाचे डोळे भरून आले, तर कुणी विचारलं की हे त्यांना का करावं लागावं. तिथे गोवेकरांचा ‘कारभार कोण बघतंय?’ हा प्रश्न शंभर टक्के रास्त होता. तरीही, कितवी स्टेज, वजन किती उतरलं, याची जी कुजबुज पणजीपासून पुण्यापर्यंत चालली, ती त्या प्रश्नात बसत नव्हती. मुख्यमंत्र्यालाही अंथरुणात पडल्यावर थोडा आडोसा लागतो.

केटच्या हातात तर कुठलीच सही नाही. ती राजाची सून आहे आणि भावी राजाची बायको. घटनेत तिला काम नाही. मग जगाला तिच्या पोटात एवढा रस का?

माझ्या मते याचं उत्तर जुनं आहे, आणि राजवाड्यानेच ते शतकानुशतकं लोकांना शिकवलं आहे. राजघराण्यातल्या बाईचं पोट हा राज्याचा मामला असतो. १६८८ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याच्या राणीला मुलगा झाला. खोलीत डझनावारी साक्षीदार होते. तरी अफवा उठली की हे मूल तिचं नव्हेच, बिछाना गरम करायच्या निखाऱ्यांच्या भांड्यात घालून बाहेरून आणलं. ती अफवा ज्यांना हवी होती त्यांनी ती जोपासली, आणि त्याच वर्षाअखेर जेम्सने गादी गमावली. नंतरही राजघराण्यात बाळंतपण असलं की देशाचा गृहमंत्री जवळपास हजर असण्याची चाल होती. ती मोडली थेट १९४८ मध्ये, आताचे राजे चार्ल्स जन्मले त्या वर्षी. आणि आपल्या डोळ्यांदेखतचं : एप्रिल २०१८ मध्ये केटच्या धाकट्या मुलाचा, लुईचा जन्म झाला, त्यानंतर साधारण सात तासांत केट उंच टाचांचे बूट घालून, केस नीट करून, बाळ हातात धरून रुग्णालयाच्या पायरीवर फोटोसाठी उभी होती. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत वारा येऊ देत नाहीत. तिला सात तास मिळाले. तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. २०२४ मध्ये ती म्हणाली, या वेळी नाही; आणि आपण म्हणालो, नेहमी दाखवायचीस, आता का नाही?

तेव्हा राजवाडा निर्दोष आहे असं मी मुळीच म्हणत नाही. मातृदिनाच्या फोटोने तर त्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. एपी, रॉयटर्स, एएफपी, गेटी या वृत्तसंस्थांनी तो फोटो काही तासांत मागे घेतला. मुलगी शार्लट हिच्या बाहीची कड जुळत नव्हती, अशा आणखीही खुणा होत्या. दुसऱ्या दिवशी केटने आपल्या नावाने माफी मागितली की हौशी छायाचित्रकारांसारखी मीही अधूनमधून फोटोत फेरफार करून बघते. एका आजारी बाईच्या नावावर ती माफी का टाकली, हे मला आजही समजत नाही. एवढे सल्लागार, एवढे अधिकारी, त्यातल्या एकालाही पुढे येऊन ‘चूक आमची’ म्हणता आलं नाही?

त्या फोटोने जे नुकसान केलं ते बाहीपेक्षा मोठं आहे. गप्प राहणं हा हक्क आहे, पण तो हक्क वापरणाऱ्याने जेव्हा बोलायचं तेव्हा खरंच बोललं पाहिजे. ‘सांगणार नाही’ या वाक्याला वजन असतं. त्याच्या शेजारी एक जरी बनावट चित्र ठेवलं तरी ते वजन जातं. राजवाड्याला काहीच न देण्याची मुभा होती. त्याऐवजी लोकांना शांत करायला त्याने खोटा तुकडा फेकला, आणि मग खरा आला तेव्हा तोही कुणी खरा मानला नाही.

पण राजवाड्याची चूक दाखवून आपली सुटका होत नाही. फोटो १० मार्चला आला, अफवा त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होत्या. पुढे कार्डिफ विद्यापीठाच्या अभ्यासकांना असंही दिसलं की रशियाशी संबंधित खात्यांच्या एका जाळ्याने या अफवांना हवा दिली. तशी जाळी सुकं गवत शोधत असतात. गवत आपण पुरवलं.

आणि याची किंमत मोजणारे लोक नेहमी राजवाड्यात राहणारे नसतात. डिसेंबर २०१२ मध्ये केटला थोरल्या मुलाच्या, जॉर्जच्या वेळचे डोहाळे इतके कडक लागले की तिला लंडनच्या किंग एडवर्ड सेव्हन्थ्स रुग्णालयात ठेवावं लागलं. ऑस्ट्रेलियातल्या एका रेडिओ केंद्राच्या दोघा निवेदकांनी पहाटे तिथे फोन लावला आणि राणी एलिझाबेथ व प्रिन्स चार्ल्स असल्याची बतावणी केली. फोन उचलला एका परिचारिकेने. त्या वेळी स्वागतकक्षात दुसरं कुणी नव्हतं. तिने विश्वास ठेवला आणि फोन वॉर्डात जोडून दिला. तिथून केटच्या प्रकृतीचा तपशील ऐकायला मिळाला, तो जगभर प्रसारित झाला, लोक हसले. तीन दिवसांनी त्या परिचारिकेने आपलं आयुष्य संपवलं. ती आपल्याच पश्चिम किनाऱ्याची, उडुपीकडची. दोन मुलांची आई. तिचं शव लंडनहून तिथल्या गावी आणून दफन केलं. त्या वेळी वर्तमानपत्रांनी तिचं नाव, चेहरा, घर, सगळं छापलं. मी इथे तिचं नाव लिहीत नाही. पण ‘नुसती उत्सुकता, त्यात काय एवढं’ असं कुणी म्हणालं की मला ती आठवते. त्या फोनमागे दुसरं काय होतं? केटला किती ओकाऱ्या होतात, एवढंच हवं होतं.

विल्यमच्या गुडघ्याचीही अशीच गोष्ट. नोव्हेंबर २००५ मध्ये त्याच्या गुडघ्याच्या दुखापतीची बातमी ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’मध्ये आली. ती जवळच्या मोजक्या माणसांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. मग फुटली कशी? त्या संशयावरून तपास सुरू झाला आणि बाहेर आलं की पत्रकार फोनवरचे ध्वनिसंदेश चोरून ऐकत होते. राजघराण्याची बातमीदारी करणारा संपादक २००७ मध्ये तुरुंगात गेला, आणि त्याच पद्धतीचे पुढे बाहेर आलेले भयंकर प्रकार पाहून २०११ मध्ये ते १६८ वर्षांचं साप्ताहिक बंद करावं लागलं. सुरुवात एका गुडघ्यापासून झाली होती.

२०२४ च्या मार्चमध्ये बातमी आली की लंडन क्लिनिकमधल्याच कुणीतरी केटची वैद्यकीय कागदपत्रं उघडून बघण्याचा प्रयत्न केल्याचा संशय आहे. तक्रार ब्रिटनच्या माहिती आयुक्तांकडे गेली. तिथे असं केल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला खरा, पण रुग्णाचा रिपोर्ट नातेवाइकांच्या गटात टाकताना त्याला विचारावं, ही सवय अजून आपल्या हाडीमासी उतरलेली नाही.

राजे चार्ल्स यांनी प्रोस्टेटचा त्रास उघडपणे सांगितला, पाठोपाठ ५ फेब्रुवारी २०२४ ला कॅन्सरही जाहीर केला. त्याने फायदा झाला. ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर प्रोस्टेटची माहिती वाचणाऱ्यांची संख्या एका दिवसात कितीतरी पटींनी वाढली, अनेक पुरुष न लाजता डॉक्टरकडे गेले असतील. हे बोट दाखवून काही जण म्हणतात, बघा, केटनेही सांगितलं असतं तर बायकांना धीर आला असता. असता, आणि पुढे आलाही. पण आपलं दुखणं दुसऱ्याच्या उपयोगाला देणं हे दान आहे, आणि दानाला वेळ देणाऱ्याने ठरवायची असते. दारात उभं राहून मागितलं, शिव्या देऊन मागितलं, की ती वसुली होते. आणि चार्ल्स यांनीदेखील कॅन्सर कशाचा ते सांगितलं नाही. त्यांच्यामागे असा ससेमिरा कुणी लावला नाही. पुरुषाचं ‘सांगणार नाही’ आपण ऐकतो. बाईचं ‘सांगणार नाही’ म्हटलं की आत काहीतरी काळंबेरं आहे, असं धरून चालतो.

आता पुन्हा कॅलेंडर. तिची केमोथेरपी फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झाली. म्हणजे ज्या आठवड्यात जगाने तिला बेपत्ता ठरवलं, त्याच आठवड्याच्या मागेपुढे तिच्या हातात सुई गेली. घरात मुलं तीन : जॉर्ज दहा वर्षांचा, शार्लट आठ, लुई अजून सहाचाही नाही. त्यांना समजेल अशा शब्दांत सांगायला आम्हाला वेळ लागला, असं ती त्या बाकावर बसून म्हणाली. तो शुक्रवार होता आणि मुलांच्या शाळेला त्याच दिवसापासून ईस्टरची सुटी लागली होती. लोकांनी त्यातही संशय काढला, बघा, कशी वेळ साधली. हो, साधली. सोमवारी शाळेच्या फाटकात मुलाला कुणी थांबवून ‘तुझ्या आईला कशाचा कॅन्सर रे?’ असं विचारू नये, म्हणून साधली. दहा वर्षांच्या मुलाकडे त्या प्रश्नाचं उत्तर नसतं, आणि असलं तर ते त्याने द्यायला नको असतं. मला ते माहीत आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये तिने केमोथेरपी संपल्याचं सांगितलं. १४ जानेवारी २०२५ ला ती लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयात गेली, जिथे तिच्यावर उपचार झाले होते. उपचार घेत असलेल्या बायकांशेजारी बसली, त्यांचे हात हातात घेतले, आपल्याला काय काय सोसावं लागलं त्याबद्दल बोलली. रोग आता आटोक्यात आल्याचं त्याच दिवशी तिने जाहीर केलं. कॅन्सर कुठल्या अवयवाचा होता, हे त्या दिवशीही तिने सांगितलं नाही.

मला ते ठाऊक नाही. विचारायचंही नाही.